मैदानाआधी विकला गेलेला संघ

नगर-पुणे रस्त्यावरचे सुपा क्रिकेटच्या हिशेबात महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या हद्दीत येते. मुंबईचा रणजी संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा. पारनेर तालुक्यातल्या पोराला निवडीची वाट धरायची तर ती पुण्याकडेच जाते. त्यामुळे २१ मार्च २०१० रोजी आयपीएलच्या दोन नव्या संघांचा लिलाव झाला आणि त्यातला एक पुण्याच्या नावाने गेला, तेव्हा नगर जिल्ह्याला प्रथमच हक्काने आपला म्हणावा असा संघ मिळाला. पुणे वॉरियर्स इंडिया हे त्याचे नाव. तीन मोसमांत तो संपला. सतत हरला म्हणून संपला, असे आज सर्रास सांगितले जाते. मला हे कारण पटत नाही. पराभव झाले ते खरेच. पण या संघाचे बिनसले ते पहिला चेंडू पडण्याआधी, त्याच्या किमतीत आणि घाईत.

किमतीपासून सुरुवात करू. २००८ मध्ये पहिले आठ संघ मिळून सुमारे ७२ कोटी डॉलरना विकले गेले होते आणि त्यांत सर्वांत महाग ठरलेल्या मुंबईची किंमत ११ कोटी १९ लाख डॉलर होती. दोनच वर्षांनी सहारा समूहाने एकट्या पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १,७०२ कोटी रुपये मोजायचे कबूल केले. दुसऱ्या नव्या संघाची, कोचीची, बोली ३३ कोटी डॉलरच्या वर गेली. म्हणजे दोन नवख्या संघांची किंमत जुन्या आठांच्या एकत्रित किमतीच्या जवळ पोचली. मोसमात ९४ सामने होतील, हे गृहीत धरून ही बोली लावली होती, असे सहाराचे म्हणणे होते. प्रत्यक्षात २०११ मध्ये ७४ सामने झाले. सामने कमी तर उत्पन्न कमी, म्हणून शुल्कही कमी करा, ही सहाराची मागणी आणि तिला भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा नकार, हा वाद अखेरपर्यंत मिटला नाही. मे २०१३ मध्ये मंडळाने थकलेल्या शुल्कापोटी बँक हमी वटवली आणि सहाराने संघ सोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मंडळाने करार रद्द केला. कोची तर हमीच्याच प्रश्नावर पहिल्या मोसमानंतर बाद झाली होती. दोघांचाही शेवट गुणतक्त्यात नव्हे, कागदोपत्री झाला.

आता घाई. २०११ मध्ये पुण्याच्या संघाला पुण्यात मैदान नव्हते. पुण्याजवळच्या गहुंज्याचे स्टेडियम बांधून व्हायचे होते, म्हणून घरचे सामने नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. सुप्याहून निघालेल्या माणसाने शिरूर, शिक्रापूर, वाघोली करत पुणे गाठायचे, सगळे शहर ओलांडायचे, घाट उतरायचा आणि मुंबईच्या दारात जाऊन पुण्याच्या नावाने ओरडायचे. खेळाडूंचेही तेच. पुण्याचा केदार जाधव त्या वर्षी कोचीकडून खेळला. श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरकडे होता, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे राजस्थानकडे. नगर जिल्ह्यात जन्मलेले दोन भारतीय खेळाडू लीगमध्ये होते आणि दोघेही परक्या रंगात. कर्णधारही टिकला नाही: आधी युवराज सिंग, मग सौरव गांगुली, २०१३ मध्ये अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर आणि ॲरन फिंच.

तरीही या संघाच्या वाट्याला खरे क्षण आले, आणि ते विसरले जाणे हा त्याच्यावर अन्याय आहे. २०११ च्या विश्वचषक स्पर्धेत सर्वोत्तम ठरलेला युवराज अवघ्या आठ दिवसांनी या संघाचा कर्णधार म्हणून उतरला आणि पहिले दोन्ही सामने जिंकले. पुढच्या वर्षी तो कर्करोगाशी झुंजत होता. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या गांगुलीच्या संघाने वानखेडेवर मुंबईला हरवले, मग गहुंज्याच्या पहिल्याच आयपीएल सामन्यात पंजाबला, पुढे चेन्नईलाही. दिल्लीत गांगुली स्वतः सामनावीर ठरला. सात सामन्यांत चार विजय, आणि त्यानंतर सलग नऊ पराभव. त्यांतला एक गहुंज्यात मुंबईकडून एका धावेने, तर एक ईडन गार्डन्सवर सात धावांनी. ईडनवर त्या दिवशी कोलकात्याचे प्रेक्षकच दुभंगले होते. आपला दादा, गांगुली, पुण्याच्या गणवेशात आला होता. २३ एप्रिल २०१३ ला ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा कुटल्या त्या याच संघाविरुद्ध. लोकांना पुण्याची आठवण उरली ती त्या मारापुरती.

यावर सरळ आक्षेप येईल: ४६ सामन्यांत १२ विजय मिळवणाऱ्या संघावर कोण जीव लावणार? याचे उत्तर बेसबॉलच्या इतिहासात आहे. १९६२ मध्ये लीग वाढवताना न्यूयॉर्कला मेट्स हा नवा संघ मिळाला. पहिले नऊ सामने तो हरला आणि मोसमअखेर त्याच्या नावावर ४० विजय, १२० पराभव होते. मैदानही पहिली दोन वर्षे जुन्याच संघाचे होते. तरी लोक येत राहिले, कारण १९५७ नंतर शहराचे दोन संघ कॅलिफोर्नियाला निघून गेले होते आणि ती भूक ताजी होती. १९६९ मध्ये हाच संघ विजेता झाला. उलट त्याच वर्षी सिएटलला मिळालेला पायलट्स हा नवा संघ एका मोसमात दिवाळखोर झाला आणि मिलवॉकीला हलला. नवखा संघ पराभव पचवतो. तिजोरी कोसळली की मात्र टिकत नाही. २०२२ मध्ये गुजरात टायटन्सने पहिल्याच वर्षी चषक नेला, शिवाय अहमदाबादच्या या संघाची किंमत ५,६२५ कोटी रुपये होती, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तोवर प्रक्षेपण हक्कांची किंमत अनेक पटींनी वाढली होती, आणि त्यातला वाटा संघांना मिळतो.

पुण्याला दुसरी संधी आली तीही उसनी. चेन्नई आणि राजस्थान निलंबित असताना दोन वर्षांपुरता रायझिंग पुणे सुपरजायंट्स उभा राहिला. या वेळी बोली उलटी होती: मंडळाच्या उत्पन्नातला वाटा सोडून वर वर्षाला १६ कोटी मंडळालाच द्यायची तयारी मालकांनी दाखवली. आता रहाणे पुण्याचा झाला आणि २०१६ मध्ये संघात सर्वाधिक ४८० धावा त्याने केल्या. पण तो दुष्काळाचा उन्हाळा होता. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते आणि उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. पुण्याचे घर विशाखापट्टणमला गेले. पारनेरसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्याला त्या निकालाबद्दल तक्रार करता येत नव्हती. खेळपट्टीवरच्या पाण्याचे मोल तिथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या वर्षी हा संघ अंतिम फेरीत पोचला, मुंबईकडून पुन्हा एकाच धावेने हरला आणि मुदत संपली म्हणून विसर्जित झाला.

पुण्यात प्रेक्षकच नाही, हा शेवटचा युक्तिवाद २०१८ ने खोडून काढला. कावेरी आंदोलनामुळे चेन्नईने आपले घरचे सामने गहुंज्याला आणले. गाडी भरून चाहते चेन्नईहून आले हे खरे, पण मैदान पिवळे झाले ते इथल्या गर्दीमुळेही. त्या वर्षी चेन्नईने चषक जिंकला. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या नावाने सहा संघ उतरले. सामने सगळे गहुंज्यालाच झाले. नगरच्या नावाचा संघ त्यांत नव्हता.