तबकडी ते हेडफोन

आपल्या नाशकात १९२१ साली जन्मलेले द. वि. पलुसकर १९५५ मध्ये गेले. उरल्या त्या ध्वनिमुद्रिका. तबकडीवर खाच कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबत, नाहीतर एक खाच शेजारच्या खाचेत घुसे. वाजवताना ते तेवढेच उचलायचे. पूर्वी प्रत्येक कंपनीचे माप निराळे असे. अमेरिकेत १९५४ साली एकच ठरले.

हल्ली गाणी मिक्स करणारी मुले हेडफोन सुधारणारे सॉफ्टवेअर घेतात, त्याचेही काम हेच. हेडफोन जे फुगवतो ते दाबायचे, जे दाबतो ते उचलायचे. म्हणून घेण्याआधी त्यात आपल्याच मॉडेलचे मोजमाप आहे का, ते पाहावे. आणि तयार गाण्याची फाइल काढताना ते बंद ठेवावे. नाहीतर हेडफोनसाठी केलेली दुरुस्ती गाण्यातच जाऊन बसते. माप चुकले तर पलुसकरांचा आवाजही पलुसकरांचा राहत नाही.