इच्छा, क्षमता आणि हक्क : एका जुन्या प्रश्नाचा प्रशासकीय इतिहास

कोणत्याही शासकीय कल्याण योजनेचा निर्णय वाचावयास घेतला, की उद्दिष्टांपाठोपाठ पात्रतेच्या अटी येतात. वय किती असावे, कुटुंबात कमावते कोणी आहे काय, अर्जदार खरोखर निराधार आहे काय. या अटी आधुनिक नोकरशाहीचे अपत्य आहेत असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. बायबलच्या नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, मंडळीच्या साहाय्यावर जगणाऱ्या विधवांची यादी कशी करावी याविषयी सूचना आहेत. यादीतील विधवेचे वय ६० वर्षांहून कमी नसावे. जिला मुले-नातवंडे असतील तिचा सांभाळ प्रथम त्यांनी करावा, म्हणजे जिला कोणीच नाही तिचा भार मंडळीला उचलता येईल. पात्रता, वयोमर्यादा आणि कुटुंबाची प्राथमिक जबाबदारी ही तिन्ही तत्त्वे येथे एकत्र आढळतात.

ख्रिस्ती परंपरेत दारिद्र्याविषयी दोन सूर प्रारंभापासून आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात अंतिम न्यायाचे जे वर्णन येते, त्यात भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र दिले काय एवढेच विचारले जाते. तो भुकेला का राहिला, हे विचारले जात नाही. दुसरा सूर थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. ज्याची काम करण्याची इच्छाच नाही त्याला अन्नाचा अधिकार नाही, असा त्यातील उपदेशाचा आशय. या वचनाचा आधार पुढे अनेक राज्यकर्त्यांनी घेतला. परंतु तेथील शब्द इच्छेविषयी आहे, क्षमतेविषयी अथवा संधीविषयी नाही, याकडे त्यांतील बहुतेकांचे दुर्लक्ष झाले. माझ्या मते पुढील सुमारे चार शतकांच्या धोरणाचा वाद याच एका भेदाभोवती फिरतो.

लहान मंडळीत हा भेद करणे कठीण नव्हते. तेथे सर्वजण परस्परांना ओळखत. सोळाव्या शतकात युरोपातील शहरे वाढली, भिक्षेकऱ्यांची संख्या वाढली आणि ओळखीची जागा नोंदवहीने घेतली. स्पॅनिश विद्वान हुआन लुईस व्हिवेस याने १५२६ मध्ये ब्रूज शहरासाठी लिहिलेल्या ग्रंथात गरिबांची नोंद नगरपालिकेने करावी, सशक्तांना काम द्यावे आणि भीक मागण्यास बंदी घालावी, असे सुचविले. १५४५ मध्ये सालामांका येथील धर्मशास्त्रज्ञ दोमिंगो दे सोतो याने अशा बंदीवर आक्षेप घेतला. गरिबाला हिंडून मदत मागण्याचा हक्क आहे, आणि गरिबांच्या जीवनाची जेवढी कसून चौकशी होते तेवढी श्रीमंतांची होत नाही, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता. दोघेही श्रद्धावान कॅथलिक होते. मतभेद धर्माविषयी नसून प्रशासनाविषयी होता.

इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले, आणि मठांच्या दारी मिळणारे साहाय्य आटले. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांची परिणती १६०१ च्या दारिद्र्य कायद्यात झाली. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्ती, हे त्याचे एकक होते. मालमत्तेवर सक्तीची पट्टी बसविण्यात आली. दुर्बळांना साहाय्य, सशक्तांना काम आणि अनाथ मुलांना उमेदवारी अशी त्रिविध व्यवस्था होती. दानधर्म हे पुण्यकृत्य होते. ते आता कर बनले. मात्र ते वाटणारा अधिकारी अजून शेजारीच होता.

१७९५ मध्ये बर्कशायरच्या दंडाधिकाऱ्यांनी स्पीनहॅमलँड येथे पावाच्या किमतीनुसार मजुरीला पूरक भत्ता ठरविला. त्याने मालकांना मजुरी कमी ठेवण्यास मुभा मिळते, अशी टीका होऊ लागली. टीकाकारांत अग्रभागी होता टॉमस माल्थस. आपण त्याला अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. तो अँग्लिकन धर्मोपदेशकही होता. दारिद्र्य कायदा क्रमाक्रमाने रद्द करावा, असे त्याचे मत होते. स्कॉटलंडमधील पाद्री टॉमस चामर्स याने तर १८१९ ते १८२३ या काळात ग्लासगोच्या सेंट जॉन्स पॅरिशमध्ये सक्तीच्या पट्टीवाचून केवळ स्वेच्छेच्या दानावर गरिबांची व्यवस्था चालवून दाखविली. पॅरिशचे लहान विभाग पाडून प्रत्येकावर एक सेवक नेमला होता, आणि तो घरोघरी जाऊन चौकशी करी. खर्च बराच घटला. परंतु हा प्रयोग चामर्सच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता, आणि तसे व्यक्तिमत्त्व प्रत्येक गावी नियुक्त करता येत नाही.

१८३२ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष लंडनचे बिशप ब्लूमफील्ड होते. अहवालाची मांडणी प्रामुख्याने नासाऊ सीनियर आणि एडविन चॅडविक यांची. १८३४ च्या नव्या कायद्याचे सूत्र असे होते की, साहाय्य घेणाऱ्याची स्थिती स्वतंत्र मजुराच्या हीनतम स्थितीहूनही कमी आकर्षक असावी. वर्कहाऊसच्या दारातून जो आत येईल तोच खरा गरजू. इच्छेची परीक्षा घेण्याचे साधन म्हणून हालअपेष्टांची योजना झाली. १८४५ मध्ये अँडोव्हर येथील वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडे फोडावयास लावलेले भुकेले लोक त्या हाडांना चिकटलेले मांस व मगज खात असल्याचे उघड झाले, आणि १८४७ मध्ये आयुक्तांचे मंडळ बरखास्त करावे लागले. या कायद्याचे कडवे विरोधकही बायबल हाती घेऊनच उभे होते. रिचर्ड ओस्लर हे त्यांतील एक ठळक नाव.

या इतिहासाशी आपल्या देशाचा संबंध आहे. माल्थस १८०५ पासून मृत्यूपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात, पुढे हेलीबरी येथे, भारतात येणाऱ्या मुलकी अधिकाऱ्यांना शिकवीत होता. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुरी रोज सुमारे १ पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड इतकी खाली आणली. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी त्यास कडाडून विरोध केला. १८८० च्या दुष्काळ आयोगाने मदतकामे आणि दुर्बळांसाठी विनामूल्य साहाय्य यांची रीतसर व्यवस्था सुचविली. परंतु दुष्काळात मदत हा हक्क मानला तर तो सर्वकाळचा हक्क होईल, अशी धास्तीही नोंदविली.

ही धास्ती दूर सारण्यास जवळजवळ एक शतक लागले. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली आणि वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली. २००५ मध्ये संसदेने तेच तत्त्व देशभरातील ग्रामीण भागासाठी स्वीकारले. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, ही त्यातील तरतूद मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. अंगमेहनतीची कसोटी कायम राहिली, परंतु पहिली कसोटी शासनाची ठरली. भत्ता प्रत्यक्षात क्वचितच दिला गेला, हे खरे. त्यावरून शासनाला स्वतःची परीक्षा देणे किती जड जाते एवढेच दिसते.

काम देऊ केल्यावाचून कोणाची अनिच्छा सिद्ध होत नाही, आणि ज्याच्या अंगी बळच नाही त्याच्यापुढे कामाची अट ठेवणे हा न्याय नव्हे. मत्तयाचा सूर आणि थेस्सलनीकाकरांच्या पत्रातील सूर यांत विरोध असलाच, तर तो याच क्रमाने मिटतो. आधी अन्न, मग काम, आणि इच्छेविषयीचा निवाडा सर्वांत शेवटी. आपल्या योजनांच्या मसुद्यांत बहुधा हा क्रम उलटा असतो. पात्रतेची अट लिहिताना प्रत्येक अधिकाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : या अटीने आळशी माणूस गाळला जाईल, की रांगेत उभे राहण्याची ताकद नसलेला?