बत्तीस शिराळ्याचा नागमेळा



सांगली जिल्ह्यांत मोरणा नदीच्या कांठीं बत्तीस शिराळा नांवाचें गांव आहे. समर्थ रामदासस्वामींच्या अकरा मारुतींपैकीं एक मारुती येथें आहे; परंतु गांवाची कीर्ति दूरवर पसरली ती नागपंचमीमुळें. सुमारें ४० वर्षांपूर्वीं, मी नुकताच शिक्षक झालों होतों तेव्हां, हा मेळा मीं डोळ्यांनीं पाहिला. त्याची हकीकत आज सांगण्याचें कारण निराळें आहे. तें ओघानें येईलच.

दंतकथा अशी कीं, श्रावणांत गोरक्षनाथ येथील महाजनांच्या दारीं भिक्षेस आले. गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती, म्हणून भिक्षा वाढण्यास विलंब झाला. जिवंत नागाची पूजा करशील काय, असें नाथांनीं विचारलें. तिनें होकार दिला, आणि तेव्हांपासून गांवांत जिवंत नाग पूजिला जाऊं लागला. ही कथा म्हणजे इतिहास नव्हे. पण तिच्या मागोमाग गांवांत जी विद्या वाढली ती मात्र खरी होती.

पंचमीपूर्वीं गांवकरी शिवारांत हिंडून नाग धरीत व मडक्यांत ठेवीत. पंचमीस सुवासिनी त्यांस ओवाळीत, अंबामातेच्या देवळाकडे मिरवणूक निघे, आणि मग जेथून नाग आणला तेथेंच तो सोडण्याचा रिवाज होता. मी एका वृद्ध शेतकऱ्याबरोबर बांधाबांधानें फिरलों. बिळाच्या तोंडाशीं कोळ्याचें जाळें दिसलें कीं तो पुढें जाई; गुळगुळीत झालेली माती, धुळींतील वळणदार रेघ, नुकतीच टाकलेली कात दिसली कीं थांबे. मीं उत्साहानें पाऊल टाकलें तेव्हां तो हळूच म्हणाला, “मास्तर, पाय आपटूं नगा. त्याला भुईतनं कळतंय.” सापास बाहेरचा कान नसतो, जमिनीचें कंपन त्यास चटकन् जाणवतें, हें मीं पुस्तकांत वाचलें होतें. त्या अक्षरशत्रु म्हाताऱ्यास तें पुस्तकावांचून ठाऊक होतें.

मेळ्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. उंदीर आणि बेडूक हें ज्याचें अन्न, त्याच्या तोंडास दूध लावीत. अंगावर हळदकुंकू उधळीत. वाद्यांच्या गजरांत तो फणा काढी तो आनंदानें नव्हे, भयानें. १९७२ सालीं वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढें शिराळ्याचें प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें, आणि जिवंत नागाच्या जागीं प्रतिमेची पूजा आली. कायदा योग्य होता, असें माझें मत आहे. परंतु मिरवणुकीबरोबर त्या म्हाताऱ्याची विद्याही जाणार काय, हा प्रश्न उरतो. २०२५ सालीं केंद्र सरकारनें शैक्षणिक हेतूनें मोजके नाग धरण्यास परवानगी दिली, तेव्हां हा प्रश्न पुन्हा पुढें आला.

आतां माझी गोष्ट सांगतों. मेळा पाहून आल्यावर मीं वर्गांत त्याचें रसभरित वर्णन केलें. त्याच पावसाळ्यांत माझ्या एका विद्यार्थ्यास, जमिनीवर निजला असतां, रात्रीं मण्यार चावली. मण्यारीच्या दंशाची खूण जेमतेम दिसते, सूज बहुधा येत नाहीं. पोट दुखतें म्हणून घरच्यांनीं ओवा दिला. पापण्या मिटूं लागल्या तेव्हां देवळांत नेलें. पहाटे मुलगा गेला. मीं वर्गांत फण्याचें वर्णन केलें होतें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांचा दंश झाल्यास काय करावें, याविषयीं अवाक्षर काढलें नव्हतें. हा दोष मुलाच्या अडाणी आईबापांचा नव्हता, माझा होता.

२०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळांत भारतांत दरवर्षीं सरासरी ५८,००० माणसें सर्पदंशानें मेलीं, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं. यावर उपाय आहे. सापाचें विष अल्प प्रमाणांत घोड्यास टोचून त्याच्या रक्तापासून प्रतिविष करतात; आणि तें विष मिळविण्यास सर्पविद्या जाणणारेच हात लागतात. तामिळनाडूंतील इरुळा लोक पूर्वीं साप धरून कातड्यांच्या व्यापारावर पोट भरीत. तो व्यापार कायद्यानें बंद झाला, तेव्हां रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानें १९७८ सालीं चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था निघाली. ते परवान्यानें साप धरतात, कांहीं आठवडे ठेवून विष काढतात, आणि साप पुन्हा रानांत सोडतात. जी विद्या सापास मारीत होती तीच आज माणसास तारते.

शिराळ्याच्या विद्येसही असाच मार्ग कां सांपडूं नये? बिळें ओळखणाऱ्यांनीं शाळांशाळांतून मुलांस शिकवावें: अंधारांत दिव्यावांचून जाऊं नये, जमिनीवर निजूं नये, दंश झाल्यास जखम कापूं नये, आवळून बांधूं नये, अवयव हलवूं न देतां थेट रुग्णालय गांठावें. नागपंचमीस आपल्या घरींही पाटावर नाग काढला जातो. त्या दिवशीं मुलांस कहाणी अवश्य सांगावी. मात्र ती संपल्यावर एवढ्या चार गोष्टी सांगितल्यावांचून त्यांस उठूं देऊं नये. मीं तें एकदां केलें नाहीं.