चार तास की चोवीस तास?
अखंड रक्तशुद्धीच्या तंत्राची गोष्ट

आमच्या परिचयाचे एक शिक्षक कोकणात विज्ञान शिकवतात. एका पावसाळ्यात त्यांचे वडील शहरातल्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते. भातलावणीच्या दिवसांत आलेला ताप, मग कावीळ, मग लघवी बंद. निदान झाले लेप्टोस्पायरोसिसचे. पलंगाशेजारी एक यंत्र ठेवले होते. ते तीन दिवस आणि तीन रात्री अखंड चालले. वडील वाचले नाहीत.

पुढे महिन्याभराने सर भेटले तेव्हा त्यांनी आम्हांला दोन प्रश्न विचारले. "आमच्या शेजारचे काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात आणि चार तासांनी बसने घरी येतात. मग वडिलांना चोवीस तास कशासाठी? आणि एवढे यंत्र होते, तर ते गेले कसे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. दुसऱ्याचेही बरेचसे तिथेच सापडते. तेव्हा जरा मागे जाऊ या.

पटलाची ओळख

प्रौढ माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्र म्हणून बाहेर टाकतात. या गाळण्यातून युरियासारखे टाकाऊ पदार्थ जातात, जादा पाणी जाते, पोटॅशियम आणि आम्ल यांचे प्रमाण राखले जाते. हे काम थांबले की काही दिवसांतच जिवावर बेतते.

हे काम शरीराबाहेर करता येईल का? या प्रश्नाचा पाया एका रसायनशास्त्रज्ञाने घातला, तोही मूत्रपिंडाचा विचार न करता. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ साली दाखवले, की चर्मपत्रासारख्या कागदातून मीठ, साखर, युरिया असे पदार्थ आरपार जातात, पण डिंक किंवा जिलेटिन जात नाहीत. पदार्थ वेगळे करण्याच्या या रीतीला त्यांनी 'डायलिसिस' हे नाव दिले. मराठीत आपण त्याला 'अपोहन' म्हणतो.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत तांदळाची किंवा साबुदाण्याची गार, पातळ खळ भरून तोंड घट्ट बांधा. पिशवी बाहेरून धुऊन घ्या आणि टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकलेल्या पाण्यात ठेवा. काही वेळाने पिशवीतली खळ निळी-काळी होते, बाहेरचे पाणी मात्र निळे होत नाही. आयोडीनचे लहान रेणू आत शिरले, पिष्टाचे अजस्र रेणू बाहेर येऊ शकले नाहीत. मुलांना विचारा: पिशवीत रक्त आणि बाहेर मिठाचे पाणी असते, तर कोण बाहेर आले असते आणि कोण आत राहिले असते?

जळवा, सेलोफेन आणि एक लाकडी ढोल

अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन एबल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९१३ साली हा प्रश्न प्रत्यक्षात आणला. कुत्र्याचे रक्त कोलोडियनच्या नळ्यांतून फिरवायचे, नळ्यांभोवती क्षारयुक्त पाणी ठेवायचे. अडचण एकच होती. शरीराबाहेर आलेले रक्त गोठते. त्यांनी जळवांच्या डोक्यांतून काढलेले हिरुडिन वापरले. जळू रक्त पिताना ते गोठू नये म्हणून हाच पदार्थ सोडते. पण जळवांपासून पुरेसे आणि शुद्ध औषध मिळणे अवघड होते.

जर्मनीत गीसन येथे गेऑर्ग हास यांनी १९२४ मध्ये माणसावर पहिले अपोहन केले आणि १९२८ मध्ये हिरुडिनऐवजी हेपॅरिन वापरले. १९१६ मध्ये सापडलेले हे द्रव्य पुढे या साऱ्या तंत्राचा आधार बनले. हास यांचे रुग्ण मात्र वाचले नाहीत आणि त्यांच्या कामाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मग आले दुसरे महायुद्ध. लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली हातपाय चिरडलेली माणसे जिवंत बाहेर काढली जात, पण काही दिवसांनी त्यांची लघवी बंद होई आणि ती मरत. १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी हे नीट नोंदवले. मूत्रपिंडाला मार लागलेला नसतानाही ते अचानक बंद पडू शकते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

त्याच सुमारास, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये, कांपेन या लहान गावात विलेम कोल्फ हे तरुण डॉक्टर एक विचित्र यंत्र बांधत होते. सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी, लाकडी पट्ट्यांच्या ढोलावर गुंडाळलेली. ढोल क्षारयुक्त पाण्याच्या टाकीत गरगर फिरे आणि नळीतून रक्त वाहत राही. गावातल्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याने त्यांना मदत केली. १९४३ मध्ये त्यांनी रुग्णांवर उपचार सुरू केले. पहिल्या सोळा रुग्णांपैकी जवळजवळ सगळे दगावले. सतरावी रुग्ण, ६७ वर्षांच्या सोफिया शाफश्टाट, सप्टेंबर १९४५ मध्ये बेशुद्धीतून जागी झाली. तिची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली आणि ती त्यानंतर कित्येक वर्षे जगली.

यातला एक मुद्दा आपण ध्यानात ठेवू या. यंत्राने तिची मूत्रपिंडे बरी केली नव्हती. ती आपापली बरी होईपर्यंत यंत्राने फक्त वेळ मिळवून दिला होता.

विहिरीचा पाझर

पुढच्या काळात यंत्रे सुधारली. चार तासांत रक्तातला बराचसा युरिया काढून टाकणे शक्य झाले. ज्यांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आहेत, पण बाकी प्रकृती बरी आहे, अशांना हे मानवले. सरांच्या शेजारचे काका या गटातले. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचे मात्र या चार तासांत हाल होत. त्यांचा रक्तदाब कोसळे.

असे का होते, हे विहिरीवरून समजून घेऊ. विहिरीला मोटर लावली की पाणी उतरते आणि झऱ्यांतून नवे पाणी पाझरते. उपसा पाझरापेक्षा कमी असेल तर पातळी टिकते, जास्त असेल तर विहीर कोरडी पडते. आसपासच्या जमिनीत पाणी भरपूर असले तरीही! शरीराचे तसेच आहे. प्रौढ माणसाच्या रक्तातला द्रवभाग सुमारे तीन लिटर. अंगावर सूज असलेल्या रुग्णाचे जादा पाणी ऊतींमध्ये साठलेले असते आणि ते रक्तात हळूहळू पाझरते. समजा तीन लिटर पाणी काढायचे आहे. चार तासांत काढले तर तासाला ७५० मिलिलिटर. चोवीस तासांत काढले तर तासाला १२५ मिलिलिटर. जंतुसंसर्गाने ज्याचा रक्तदाब आधीच औषधांवर तोलून धरला आहे, त्याला यातला कोणता उपसा झेपेल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा धोका मेंदूचा. रक्तातला युरिया झपाट्याने उतरला, की मेंदूतला युरिया काही काळ मागे राहतो. मग परासरणाने पाणी मेंदूत ओढले जाते आणि सूज येते.

तेव्हा सावकाश, अखंड उपचार करावा ही कल्पना जुनीच. सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्येच अखंड अपोहनाचे तंत्र मांडले होते. पण दिवसरात्र चालवण्याजोगे सुटसुटीत साधन नव्हते.

चुकलेली सुई

ते मिळाले १९७७ मध्ये, जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथे. पेटर क्रामर यांना रुग्णाच्या मांडीतल्या नीलेत नळी घालायची होती. सांगतात, की ती चुकून रोहिणीत गेली. दुसरा कोणी नळी काढून घेता. क्रामर यांच्या मनात मात्र आले, की रोहिणीतला दाब नीलेपेक्षा कितीतरी जास्त असतो. मग रोहिणीतून रक्त घ्यावे, गाळणीतून न्यावे आणि नीलेत सोडावे. पंप हवाच कशाला? रुग्णाचे हृदय हाच पंप!

ही गाळणी ग्रॅहॅमच्या कागदाहून वेगळ्या तऱ्हेने चालते. अपोहनात रेणू जास्त संहतीकडून कमी संहतीकडे आपापले जातात, त्याला आपण विसरण म्हणतो. क्रामर यांच्या गाळणीत दाबामुळे पाणीच पटलातून ढकलले जाते आणि विरघळलेले पदार्थ पाण्याबरोबर वाहत जातात. चहा गाळताना साखर चहाबरोबर खाली येते आणि पत्ती गाळणीत राहते, तसे. फायदा असा, की विसरणात युरियासारखे लहान रेणू (रेणुभार ६०) भराभर जातात, पण ब१२ जीवनसत्त्वाएवढे (रेणुभार सुमारे १३५५) रेणू रेंगाळतात. पाण्याच्या प्रवाहात दोघेही जवळजवळ सारख्याच वेगाने वाहून जातात. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने मात्र रक्तातच राहतात. गाळून गेलेल्या द्रवाच्या जागी क्षारांचा स्वच्छ द्रव शिरेतून दिला, की झाले.

शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट. गाळलेला द्रव जमा होणारी पिशवी गाळणीच्या खाली टांगत. ती जितकी खाली, तितके ओढणे जास्त. ४० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे ४०० ÷ १३.६, सुमारे २९ मिलिमीटर पारा. पिशवी वर-खाली करून गाळण्याचा वेग बदलता येई. ना विजेचा पंप, ना भोंगे.

या साधेपणाची किंमतही होती. रक्तदाब उतरला की गाळणे मंदावे. एका अर्थी हे बरेच, पण ज्याला गरज सर्वांत जास्त त्यालाच कमी मिळे. शिवाय रोहिणीत दिवसेंदिवस जाड नळी ठेवल्याने रक्तस्रावाचा आणि पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका होता. म्हणून पुढे नीलेतच दोन मार्गांची एक नळी घालून पंपाने रक्त फिरवण्याची पद्धत रुळली. पंप आला, तसे दाबमापक, हवेचे बुडबुडे ओळखणारे साधन, द्रवाचा हिशेब ठेवणारे काटेही आले. सरांनी पाहिलेले यंत्र याच वंशातले.

रक्त न गोठण्याचा जुना प्रश्न होताच. अखंड उपचारात हेपॅरिनही अखंड द्यावे लागे आणि रक्तस्राव होण्याची भीती असे. १९९० मध्ये सॅन दिएगो येथे रवींद्र मेहता आणि सहकाऱ्यांनी सायट्रेट वापरण्याची पद्धत मांडली. लिंबात असते त्याच आम्लाचा हा क्षार. तो कॅल्शियमला बांधून ठेवतो आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. यंत्रात शिरताना सायट्रेट, शरीरात परतताना पुन्हा कॅल्शियम. रक्त यंत्रापुरते पातळ राहते, रुग्णाचे नेहमीसारखेच.

इटलीतल्या व्हिचेन्झा येथे क्लाउडिओ रोंको आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांसाठी वेगळे यंत्र बनवले. २०१३ मध्ये ते प्रथम वापरले गेले, तीन किलोहूनही कमी वजनाच्या नवजात बाळावर. एवढ्या बाळाच्या अंगात रक्त असते पाव लिटरच्या आसपास. ते बाळ वाचले.

जास्त म्हणजे चांगले?

आता खरा प्रश्न. या सगळ्याने माणसे जास्त वाचतात का?

रोंको यांनीच २००० साली ४२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर किलो वजनामागे तासाला २० मिलिलिटर द्रव गाळलेल्या गटात ४१ टक्के वाचले, ३५ मिलिलिटरच्या गटात ५७ टक्के. मोठी आशा निर्माण झाली. अनेकांनी मात्रा वाढवली. पण विज्ञानात एकाच अभ्यासावर थांबत नाहीत. अमेरिकेत २००८ मध्ये १,१२४ रुग्णांवर आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २००९ मध्ये १,५०८ रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत जास्त मात्रेचा फायदा दिसला नाही. दुसऱ्या चाचणीत तर नव्वद दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत अगदी सारखे होते, ४४.७ टक्के.

आणि चार तास की चोवीस तास? फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत (२००६) साठ दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण एका गटात ३२ टक्के, दुसऱ्यात ३३ टक्के निघाले. अर्थात तिथे खंडित अपोहनही मुद्दाम सावकाश आणि जपून केले होते. विहिरीचा नियम दोघांनीही पाळला होता! म्हणूनच आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत नेहमीच्याच डायलिसिस यंत्रावर सहा ते बारा तासांचा संथ उपचार करतात. तो स्वस्त पडतो. अखंड यंत्र हे रक्तदाब फारच डळमळीत असलेल्यांसाठी किंवा मेंदूला सूज असलेल्यांसाठी राखून ठेवले जाते.

एक हिशेब करून पाहू. दर किलोमागे तासाला २५ मिलिलिटर म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३६ लिटर. निरोगी मूत्रपिंडे १८० लिटर गाळतात. यंत्र दिवसरात्र चालूनही त्याचा एक-पंचमांश.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर

आम्ही हे सगळे सरांना सांगितले. वडिलांचा रक्तदाब अस्थिर होता, म्हणून उपसा संथ ठेवावा लागला, म्हणून चोवीस तास. यंत्राने आपले काम केले. पण ते काम मूत्रपिंडाचे होते. फुप्फुसे, यकृत, रक्तवाहिन्या यांवर झालेला संसर्गाचा घाव भरून काढणे त्याच्या हाती नव्हते. सोफिया शाफश्टाटला यंत्राने वेळ दिला आणि तो तिला पुरला. सरांच्या वडिलांनाही वेळ दिला, तो पुरला नाही. असे उपचार मिळणाऱ्या दहांपैकी चार-पाच जणांचे आजही असेच होते. ते कोणाच्या हयगयीमुळे झाले असे समजण्याचे कारण नाही.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे खरा वेळ आधीच गेला होता."

ते खरे आहे. लावणीच्या चिखलातून आल्यावर ताप अंगावर न काढणे, पायाच्या जखमा झाकणे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी वेळेवर देणे, घोणस चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठणे, पोट बिघडलेले असताना मनाने वेदनाशामक गोळ्या न घेणे. यातल्या प्रत्येक गोष्टीने मूत्रपिंडे वाचू शकतात आणि त्यासाठी यंत्र लागत नाही.

यंदा जूनमध्ये सरांनी आठवीच्या वर्गात खळ आणि आयोडीनचा प्रयोग केला. पिशवी निळी झाल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी फळ्यावर विहीर काढली आणि मुलांना विचारले, शेतावरून आल्यावर घरात कोणाकोणाला ताप आहे? तीन हात वर झाले. त्याच दिवशी दुपारी ते तिघांच्याही घरी जाऊन आले.