हिशेब मागणारी म्हापशाची संस्था

गोव्याच्या खाणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेणाऱ्या संस्थेचे कार्यालय म्हापशात, फेरा आल्ता भागातल्या एका निवासी इमारतीत आहे. शुक्रवारच्या बाजाराला डिचोली-पेडण्याहून येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, शंकाच आहे. गोवा फाउंडेशन १९८६ साली सुरू झाली. क्लॉड आल्वारिस तिचे संचालक. वकील नॉर्मा आल्वारिस यांनी तिच्या अनेक जनहित याचिका चालवल्या; त्यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. कोकण रेल्वेच्या मार्गाविरुद्ध संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि १९९२ मध्ये हरली. जिंकलेल्या खटल्यांच्या यादीत हा पराभव सहसा कोणी सांगत नाही, पण त्यानंतरही संस्था टिकली, हे महत्त्वाचे.

तिची खरी कसोटी लागली ती खाणींच्या प्रकरणात. पोर्तुगीजांनी दिलेल्या खाण सवलती मुक्तीनंतरही चालूच राहिल्या. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द करून त्यांचे भाडेपट्टे केले. बहुतेक पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ ला संपली आणि वीस वर्षांचे एकमेव नूतनीकरण धरले तरी ती २२ नोव्हेंबर २००७ ला संपायला हवी होती. नेमकी तेव्हाच चीनची मागणी भडकली होती. पूर्वी जपान घेत असे ते लोहखनिज सोडाच, टाकाऊ म्हणून बाजूला टाकलेली हलक्या प्रतीची मातीसुद्धा विकली जाऊ लागली. नूतनीकरणाचा अर्ज पडून आहे एवढ्या आधारावर खाणी चालत राहिल्या आणि गोव्यातून होणारी निर्यात वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास पोचली.

त्याची किंमत शिरगावात दिसली. लईराई देवीच्या जत्रेमुळे साऱ्या गोव्याला माहीत असलेले हे डिचोली तालुक्यातले गाव चहूबाजूंनी खाणींनी वेढले. गावातल्या विहिरींचा तळ जिथे लागतो, त्याच्याही खाली खाणीचा तळ गेला. खड्ड्यात भरणारे भूजल पंपांनी उपसून नाल्यात सोडले जाई. इकडे विहिरी आटत आणि पावसाळ्यात तांबडा गाळ भातशेतीत उतरे. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही लईराईची बहीण, असे इथले हिंदू-ख्रिस्ती दोघेही मानतात. त्या नात्याने म्हापशाच्या संस्थेने शिरगावची बाजू घ्यावी, हे मला तरी शोभून दिसते.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेत मांडला गेला. बेकायदा उत्खननामुळे झालेले नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे, असा त्याचा अंदाज होता. तीन दिवसांनी राज्य सरकारने खाणी थांबवल्या. फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबरला बंदी घातली आणि २१ एप्रिल २०१४ ला निकाल दिला: २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे सारे उत्खनन बेकायदा.

एवढे होऊनही राज्य सरकारने उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेत त्याच मालकांचे ८८ पट्टे पुन्हा नूतनीकृत केले. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ ला आला; त्या दिवसापर्यंत सह्यांची घाई चालू होती. फाउंडेशन परत दिल्लीला गेली. ७ फेब्रुवारी २०१८ ला ते ८८ पट्टेही रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या.

या निकालांची दुसरी बाजू डिचोलीत कोणीही ऐकवील. ट्रकाचे हप्ते, बार्जवरची नोकरी, खाणीच्या नाक्यावरचे चहाचे दुकान, सगळे एका दिवसात बसले. चूक मालकांची आणि सरकारची, पण पहिला दंड भरला खाण अवलंबितांनी. फाउंडेशनवरचा राग मला समजतो. तो योग्य दारात गेला असे मात्र वाटत नाही. मुदत संपलेले पट्टे चालवण्याचा निर्णय ना ट्रकवाल्याचा होता ना याचिकादाराचा.

मग झालेले नुकसान भरून निघते का? खणलेले खनिज परत येत नाही. न्यायालयाने २०१४ मध्ये एक वाट काढली: विकलेल्या खनिजाच्या किमतीतला दहा टक्के भाग कायम निधीत ठेवायचा, पुढच्या पिढ्यांसाठी. अलास्काने तेलाच्या पैशासाठी १९७६ मध्ये असाच निधी उभारला होता. निधी चांगलाच, पण तो पुढच्या विक्रीवर चालतो. मागची थकबाकी तो फेडत नाही. ओडिशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०१७ ला बेकायदा काढलेल्या खनिजाची शंभर टक्के किंमत वसूल करायला सांगितले. गोव्यात २००७ ते २०१२ च्या खनिजाच्या बाबतीत तसे झाले नाही. २०१८ च्या निकालाने वसुलीचा तपास लवकर संपवा म्हणून राज्याला बजावले, पण सरकारचा वेग नूतनीकरणाच्या वेळी दिसला तसा तिथे दिसला नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये नवे खाणपट्टे लिलावाने देण्यास सुरुवात झाली, त्यात डिचोलीचा आणि शिरगाव-मयेचा पट्टा होता. डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ मध्ये काम सुरूही झाले. म्हणून डिचोलीकरांना सांगणे एवढेच, की यंदाच्या ग्रामसभेत दोन आकडे लेखी मागा: कायम निधीत आजवर किती जमले, आणि जुन्या खनिजापोटी कोणाकडून किती वसूल झाले.