कान्हाचे कुरण

मध्य प्रदेशातील कान्हाच्या अरण्यात श्रवणताल नावाचे एक तळे आहे. तृषार्त मातापित्यांसाठी श्रवणकुमार पाणी भरीत असता घागरीचा बुडबुड आवाज दशरथाने ऐकला, आणि वन्य पशू समजून त्या दिशेस बाण सोडला, तो येथेच, अशी त्या मुलखातील लोकांची श्रद्धा आहे. कथेची ऐतिहासिक सत्यता बाजूस ठेवली, तरी मृगयेच्या भरात नको तो जीव जातो ही जाणीव या अरण्याच्या स्मृतीत फार जुनी आहे, हे मात्र खरे.

सातपुड्याच्या मैकल पर्वतराजीत सालवृक्षांच्या दाट वनांमध्ये विस्तीर्ण कुरणे पसरली आहेत. येथील गोंड व बैगा हे मूळ रहिवासी. धरणीमातेच्या वक्षावर नांगर चालवू नये, अशा समजुतीने बैगा लोक झाडोरा जाळून त्याच्या राखेत बी पेरीत. इ. स. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि सरकारी वनखात्याचा अंमल या रानावर बसला. बैगांच्या शेतीवर निर्बंध आले. परवाना घेऊन येणाऱ्या शिकाऱ्यास मात्र वाट मोकळी राहिली.

पुढे १९३३ साली बंजर नदीचे खोरे अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि १९५५ साली एका स्वतंत्र कायद्यान्वये कान्हा हे राष्ट्रीय उद्यान बनले. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. म्हणजे विदर्भातील मराठी माणसाच्या दृष्टीने हे अरण्य तेव्हा परप्रांतातले नव्हते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ती सीमारेषा आखली.

परंतु कायदा झाला म्हणून प्राणी वाचतोच, असे नाही. कान्हाचा खरा मानकरी वाघ नव्हे, बारशिंगा होय. येथील बारशिंग्याचे पाय टणक भूमीला सरावलेले आहेत. त्याची ही उपजात मध्य भारतात पूर्वी दूरवर आढळे. पण १९७० साली कान्हात अवघे ६६ बारशिंगे उरले, आणि जगात अन्यत्र कोठेही ती शिल्लक नव्हती. कारण केवळ शिकारीचे नव्हते. बारशिंग्याचे अन्न गवत, आणि पाडसाला लपण्याची जागाही उंच गवतच. गावोगावची गुरे ते गवत चरून टाकीत, वणवे ते जाळीत, आणि आडोसा नाहीसा झाला की पाडस श्वापदांच्या तोंडी पडे.

१९७२ साली वन्य जीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत कान्हा होते, तसेच आपल्याकडील मेळघाटही होते. कान्हात बारशिंग्यांसाठी कुंपण घालून सुरक्षित जागा केली गेली, वणव्यांना आळा बसला, आणि उद्यानाच्या आतील गावे एकामागून एक बाहेर हलविण्यात आली. सौंफ हे त्यांपैकी एक. गावकरी गेले, त्यांच्या शेतांत गवत माजले, आणि काही वर्षांत त्या गवतात बारशिंगे येऊन राहिले. आज त्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. २०१५ साली त्यांतील काहींना सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन तेथे नवी वस्तीही वसविण्यात आली.

प्राणी वाचविण्याच्या इतिहासात असे यश विरळा. तथापि त्याची किंमत कोणी मोजली, हेही याच इतिहासाचे पान आहे. बारशिंगा परतला, सौंफचे गावकरी परतले नाहीत. ज्यांच्या पूर्वजांनी हे रान पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांचाच पाय तेथून निघाला. अरण्यवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची स्पष्ट कबुली संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्यात दिली, ती पुष्कळ उशिरा.

आज पहाटेच्या थंडीत उघड्या मोटारीतून कान्हा पाहण्यास जाणाऱ्या प्रवाशाचे सारे लक्ष वाघाच्या वाटेकडे लागलेले असते. चितळाचा इशारा ऐकू आला की सारे श्वास रोखतात. वाघ दिसला तर भाग्य. न दिसला, तर हिरमुसण्याचे कारण नाही. धुक्यातून वर येणाऱ्या शिंगांकडे आणि त्या शिंगांखालच्या गवताकडे त्याने क्षणभर पाहावे. ते गवत आपोआप उगवलेले नाही. त्याच्या मुळाशी कोणाची तरी नांगरट आहे, कोणाच्या तरी अंगणाची माती आहे. वाघाचे दर्शन नशिबावर अवलंबून असते. त्या मातीचे स्मरण ठेवणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.