पंचमीच्या अलीकडे

कोणत्याही संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाही असतो. आपल्या न्यासाने उभारलेल्या वास्तूंचा, चालविलेल्या उपक्रमांचा आणि दात्यांच्या औदार्याचा वृत्तांत या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. प्रस्तुत लेखात ज्याची पावती फाडता येत नाही आणि ज्याची नोंद ताळेबंदात होत नाही, अशा वारशाचा विचार करावयाचा आहे. आपली भाषा, आपली प्रतीके, आपले आचार आणि या तिघांच्या मुळाशी असलेली मूल्ये, हा तो वारसा होय. यांपैकी काय बदलू द्यावे आणि काय बदलू देऊ नये, हा प्रश्न आज प्रत्येक घरात उभा आहे. नातवंडे तो स्पष्ट शब्दांत विचारतात. आपण मात्र बहुधा उत्तर टाळतो.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या भूमीवर, गोदावरीच्याच काठी, फार पूर्वी दिले गेले आहे. श्वेतांबर परंपरेतील निशीथचूर्णीत आलेली कालकाचार्यांची कथा आपल्यापैकी अनेकांनी व्याख्यानांतून ऐकली असेल. आचार्य प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणला आले. तेथील सातवाहन राजा श्रद्धावान होता. परंतु भाद्रपद शुद्ध पंचमीला नगरात इंद्रमहोत्सव असे आणि लोकरीतीप्रमाणे राजाला त्यात सहभागी व्हावे लागे. पर्युषणाचा मुख्य दिवसही तोच. तेव्हा राजाने विनंती केली, की पर्युषण षष्ठीला करावे. आचार्यांनी नकार दिला. वर्षावासाच्या आरंभापासून पन्नासावा दिवस ओलांडता येत नाही, असा नियम होता. मग राजाने चतुर्थीविषयी विचारले आणि आचार्यांनी ते मान्य केले.

या कथेचे ऐतिहासिक तपशील अभ्यासकांनी तपासावेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिच्यातील विवेक. तिथी बदलली, परंतु एकाच दिशेने बदलली. क्षमायाचना एक दिवस अलीकडे आणता येते, एक दिवस पलीकडे ढकलता येत नाही. शेजाऱ्यांच्या उत्सवाचा मान राखला गेला, मात्र आपल्या कर्तव्याला मुदतवाढ मिळाली नाही. आजही श्वेतांबर मूर्तिपूजक बांधव चतुर्थीला संवत्सरी करतात, स्थानकवासी बांधव पंचमीला करतात आणि दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला पूर्ण होते. एका गल्लीत गणरायाची प्रतिष्ठापना आणि शेजारच्या उपाश्रयात संवत्सरी प्रतिक्रमण, हे दृश्य नाशिकमध्ये आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यामागे एवढा जुना विचार आहे, याचे स्मरण ठेवणे उचित होईल.

हीच कसोटी आपण प्रथम भाषेला लावून पाहू. भगवान महावीरांनी उपदेशासाठी लोकांना समजणारी अर्धमागधी निवडली, हे सर्वविदित आहे. पुढे जैन ग्रंथकार जेथे गेले तेथील लोकभाषा त्यांनी आपलीशी केली. त्यांनी वापरलेल्या प्राकृताच्या एका रूपाला अभ्यासक ‘जैन माहाराष्ट्री’ असेच म्हणतात. शके ७०० मध्ये, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये, उद्योतनसूरींनी जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात एका बाजारपेठेचे वर्णन असून निरनिराळ्या प्रांतांतील व्यापारी आपापल्या बोलीत बोलताना दाखविले आहेत. त्यांत मरहट्टे व्यापारीही आहेत आणि त्यांच्या तोंडी ‘दिले’ व ‘घेतले’ या अर्थाची दोन क्रियापदे घातली आहेत. मराठी भूतकाळाचा ओळखीचा ‘ल’ त्या दोन्ही शब्दांत ऐकू येतो. बाराशे वर्षांपूर्वी एका जैन मुनींच्या कानांनी आपली मराठी टिपली, ती देवाणघेवाणीच्या शब्दांत, हे व्यापारी समाजाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तोच ‘ल’ श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींच्या चरणांपाशी भेटतो. ही मूर्ती चावुंडरायाने करविली, ही गोष्ट तेथे कानडी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेली आहे. मराठी ओळीतील ‘करवियलें’ हा शब्द शाळेत शिकलेल्या अनेकांना आठवत असेल. या लेखाच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. काही जण तो दहाव्या शतकाच्या अखेरचा मानतात, तर काही बाराव्या शतकातला. मात्र मराठीच्या अगदी प्रारंभीच्या शिलालेखांत त्याची गणना होते, याविषयी वाद नाही. दूरच्या कर्नाटकात, तीन भाषांचे यात्रेकरू येणार हे जाणून, प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगण्याची ही तळमळ आहे. पुढे पंधराव्या शतकात गुणदास, गुणकीर्ती आदी ग्रंथकारांनी मराठीतच जैन चरित्रे व धर्मविचार लिहिले.

आज आपल्या घरांत चार भाषा नांदतात. कोणाकडे स्वयंपाकघरात मारवाडी किंवा गुजराती, कोणाकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. दुकानात मराठी, मंदिरात प्राकृत आणि मुलांच्या दप्तरात इंग्रजी. मुले प्रतिक्रमणाची सूत्रे न अडखळता म्हणतात, परंतु अर्थ विचारला तर गप्प होतात. येथे प्राकृत सोडून द्यावी असे कोणी म्हणेल, तर ते पंचमीच्या पलीकडे जाणे झाले. केवळ पाठांतरावर समाधान मानणे हेही तितकेच चुकीचे. अर्थ अलीकडे आणणे हा मार्ग आपल्या हाती आहे. प्राकृतातला ‘हत्थ’ म्हणजे मराठी हात, ‘सत्त’ म्हणजे सात, ‘अज्ज’ म्हणजे आज, हे मुलांना एकदा दाखवावे. परकी वाटणारी भाषा पणजीसारखी वाटू लागते. ‘कम्म’ या शब्दातून तर आपले ‘काम’ आले आहे. सूत्रातील कर्म आणि गल्ल्यावरचे काम हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, हे ज्या मुलाला उमगले त्याला वेगळ्या प्रवचनाची गरज उरत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला. या दोघींचे नाते आपल्या घरात अधिक जिवंत असावयास हवे.

आता प्रतीकांकडे वळू. तीर्थंकरांच्या मूर्ती मुद्रेने व आसनाने पुष्कळशा सारख्या असतात. वृषभ, सिंह, चंद्र अशा लांछनावरून त्या ओळखाव्या लागतात. ज्याला कोणी सांगितले आहे त्यालाच लांछन बोलते. प्रतीकाचे आयुष्य दगडावर अवलंबून नसते, सांगणाऱ्यावर असते. नाशिकपुरते बोलायचे तर येथील जुन्या स्मृतीत चंद्रलांछन असलेले भगवान चंद्रप्रभ ठळकपणे आढळतात. जिनप्रभसूरींच्या चौदाव्या शतकातील ‘विविधतीर्थकल्पा’त ‘नासिक्यपुरकल्प’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात येथील चंद्रप्रभस्वामींचे माहात्म्य सांगताना रामकथेतील व पांडवकथेतील प्रसंग गुंफलेले आहेत. पंचवटीच्या गावात राहणाऱ्या जैनांनी आपले तीर्थ गावाच्या कथेबाहेर ठेवले नाही, हे यावरून दिसते.

प्रतीक नव्याने घडविताही येते. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवी वर्षात, १९७४-७५ मध्ये, सर्व संप्रदायांनी मिळून एक प्रतीक स्वीकारले. लोकाकृतीच्या आत स्वस्तिक, तीन बिंदू, सिद्धशिला आणि तळहातावरील चक्रात ‘अहिंसा’ हा शब्द, तर खाली जीवांच्या परस्पर उपकाराविषयीचे तत्त्वार्थसूत्रातील सूत्र. आपण ते इतके सहज वापरतो, की ते अनादी काळापासून असावे असे वाटते. वस्तुतः त्याचे वय आपल्या न्यासाइतकेच आहे. अमेरिकेतील जैन बांधव याच प्रतीकात स्वस्तिकाच्या जागी ॐ वापरतात, कारण तेथील समाजाला स्वस्तिकाने हिटलरच्या राजवटीतील अत्याचारांची आठवण होते. शेजाऱ्याच्या दुःखाची जाण ठेवून चिन्ह बदलले. ‘अहिंसा’ हा शब्द जागच्या जागी राहिला. पैठणचाच विवेक येथे साता समुद्रापार दिसतो.

आचाराचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो रोज ताटात आणि तराजूत उभा राहतो. नाशिक जिल्हा कांद्याचा जिल्हा. लासलगावच्या बाजाराचे नाव देशभर घेतले जाते. अनंतकाय म्हणून कांदा वर्ज्य मानणाऱ्या समाजातील अनेक कुटुंबे याच भूमीत शेतमालाचा व्यापार करीत आली आहेत. या विसंगतीवर हसणे सोपे आहे. परंतु ती लपविण्यापेक्षा तिच्यावर मोकळेपणाने बोलणे मुलांच्या दृष्टीने अधिक हितकर ठरेल.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. शहरातील उपाहारगृहात ‘जैन मिसळ’ मागितली तर वाढणारा काहीही न विचारता समजतो. आपल्या एका आचाराने लोकभाषेला एक विशेषण दिले, ही लहान गोष्ट नाही. तथापि बाजारात ‘जैन’ या शब्दाचा अर्थ ‘कांदा-लसणाविना’ एवढाच उरावा काय? श्रावकाच्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोट्या मापाने देणे-घेणे आणि भेसळ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘जैन तराजू’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ न विचारता कळावा, अशी आपली अपेक्षा असावयास हवी.

या अपेक्षेला आपल्याच परिसरात आधार आहे. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील अंजनेरीच्या पायथ्याशी जुन्या जैन मंदिरांचे भग्नावशेष आहेत. तेथील शके १०६३ च्या संस्कृत शिलालेखात यादव राजा सेउणचंद्राच्या काळी चंद्रप्रभांच्या मंदिराला दुकानांचे उत्पन्न दान दिल्याची नोंद आहे. जवळजवळ ९०० वर्षांपूर्वी या मंदिराचा दिवा बाजारपेठेतील दुकानांवर तेवत होता. दुकान आणि मंदिर यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. ज्या दुकानाचे उत्पन्न देवाला जाणार, त्या दुकानाचे माप कसे असावे, हे वेगळे कोरण्याची आवश्यकता त्या लोकांना वाटली नाही. आज त्या मंदिरांपैकी काहींचे केवळ दगड उरले आहेत. दान देणाऱ्यांची वृत्ती मात्र दगडाबरोबर पडण्याचे कारण नाही.

मूल्य टिकून रूप बदलते, याचे जवळचे उदाहरण चांदवड येथे आहे. १९२८ मध्ये तेथे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. आज त्याच नावाखाली अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण दिले जाते. त्याही आधी, १९१९ मध्ये, जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका छताखाली राहू व जेवू लागली. त्या काळी रूढीच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. करुणेच्या दृष्टीने पाहिले तर ते कर्तव्य अलीकडे आणणे होते. समाज ज्याला ‘पुढे कधीतरी’ म्हणत होता, ते त्यांनी आजच केले.

आपल्या न्यासापुढे पुढील पन्नास वर्षांत अनेक प्रश्न येतील. पाठशाळेची भाषा कोणती असावी, आंतरजातीय विवाहातून आलेल्या सुनेला व जावयाला कसे सामावून घ्यावे, परदेशी गेलेल्या मुलांनी पर्व कोणत्या दिवशी करावे, हे प्रश्न मतदानाने किंवा मौनाने सुटणार नाहीत. प्रत्येक वेळी एवढेच विचारावे, की हा बदल आपल्याला आपल्या मूल्याच्या जवळ नेतो, की केवळ आपली सोय पाहतो? उत्तर पहिले असेल तर निःशंक मनाने बदलावे. दुसरे असेल तर राजाने विनवले तरी नम्रपणे नकार द्यावा.

‘मिच्छा मि दुक्कडं’ हे शब्द आता संवत्सरीच्या सकाळपासून भ्रमणध्वनीवर शेकड्यांनी येतात आणि जातात. माझे दुष्कृत मिथ्या होवो, असा त्यांचा अर्थ. ज्याच्याशी वर्षभर बोलणे बंद आहे, त्या एका घराचा दरवाजा मात्र आपण बहुधा पुढच्या वर्षावर टाकतो. या सुवर्णमहोत्सवी वर्षात तो दरवाजा पंचमीच्या अलीकडेच ठोठावला जावो, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेन्द्र.